बुक्क्याचं बोट

कांताबाईंचा फोन आला तेव्हा हेमा आरशासमोर उभी राहून तोंडाला मलम लावत होती.

“उद्या संध्याकाळी सहाला, कसब्यात. नांदेडच्या बुवांचा घसा बसलाय. तुझं कीर्तन अलीकडे आणलंय.”

“बाई, माझं तर अजून अकरा दिवसांनी होतं.”

“होतं. आता उद्या आहे. नाही म्हणायचं तर आत्ताच म्हण, म्हणजे मला दुसरीला विचारता येईल. मात्र त्या देवळात तुझं नाव पुन्हा सुचवायला मी जायची नाही.”

हेमानं आरशात पाहिलं. चेहरा बिटासारखा लाल, डोळ्यांखाली सूज, आणि गालांवर चाळणीच्या भोकांसारखे बारीक करडे ठिपके.

“येते,” ती म्हणाली.

कालच तिनं दोन्ही गाल, कानशिलं आणि कपाळ लेझरखाली दिलं होतं. सतराव्या वर्षी आलेले मुरूम गेले, पण जाताना खड्डे ठेवून गेले. त्यालाही आता दहा वर्षं झाली. डॉक्टर शर्मिलांनी तिच्याच हातातलं रक्त काढलं, यंत्रात फिरवलं, वर आलेला पिवळसर भाग सुईनं खड्ड्यांत सोडला आणि उरलेला चेहऱ्यावर पसरला. निघताना त्यांनी बजावलं होतं, “लेझरनं त्वचेला असंख्य बारीक छिद्रं पडली आहेत. आठवडाभर ऊन नाही, पावडर नाही, कुंकू नाही. रंगाचा कण आत बसला आणि वर कातडी धरली, तर गोंदल्यासारखा राहू शकतो. जंतू गेला तर आहे त्याहून वाईट.”

अकरा दिवस म्हणजे भरपूर, असं म्हणूनच तिनं ही तारीख घेतली होती. कांताबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. चार वर्षं ती त्यांच्याकडे शिकत होती. चिपळ्या कशा धरायच्या इथपासून श्रोता पेंगायला लागला की काय करायचं इथपर्यंत सगळं त्यांनीच दिलेलं. पण ‘हल्ली कीर्तनाला गळा लागत नाही, पार्लर लागतं’ हे त्यांच्या तोंडून तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की सांगायची हिंमतच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी खडकीहून रिक्षा निघाली. पायाशी पेटी आणि शेजारी पेटी वाजवणारा मावसभाऊ, योगेश. रिक्षातसुद्धा हेमानं छत्री उघडून धरली होती.

“कुणी विचारलं तर सांग, पोळीऐवजी स्वतःच तव्यावर पडले,” योगेश म्हणाला.

“गप रे. हसलं की ताणतं.”

देवळात कांताबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नऊवारी ठीक, शेला ठीक. मग नजर चेहऱ्यावर थांबली.

“हे काय?”

“ॲलर्जी आलीये, बाई.”

“घशाला नाही ना? मग चालेल.”

मुद्दा संपला. त्या जाऊन खांबाशी बसल्या.

कीर्तन उभं राहिलं आणि पहिल्या नमनातच हेमा आपला चेहरा विसरली. नामाचं माहात्म्य सांगताना आवाज असा काही लागला, की मागे कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेल्या दोघी मोबाईल पर्समध्ये टाकून पुढे सरकल्या. देवाची कृपा याहून वेगळी ती काय असते! निरूपण संपत आलं, आणि तिची नजर सहज खांबाकडे गेली.

कांताबाई मांडीवरच्या ताटात हार सारखा करत होत्या. हाराशेजारी चांदीची डबी होती.

बुक्का! ऊन, घाम, समईची धग, सगळ्याची काळजी केली आणि हेच विसरली. मध्यंतराच्या भजनात कीर्तनकाराला हार घालतात, कपाळाला बुक्का लावतात, आणि मगच उत्तररंगाचं आख्यान सुरू होतं. शेकडो कीर्तनांत तिनं हे पाहिलेलं. इतकं नेहमीचं, की ध्यानातच आलं नाही. ती काळी सुगंधी पूड बोटानं रगडून लावतात, आणि घामाबरोबर ती गालांवर ओघळते.

तिनं निरूपणाला आणखी एक दृष्टांत जोडला. मग आणखी एक. योगेशनं भजनाचा सूर धरला, तर तिनं हात वर करून त्याला थांबवलं. त्यानं डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? ती तिसऱ्या दृष्टांताकडे वळली, पण शब्द अडखळले. पुढच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, “ताई आज मुक्कामालाच आल्यात वाटतं.”

भजन धरावंच लागलं. टाळ्या सुरू झाल्या. कांताबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, चार पावलं चालून आल्या. हार घातला. डबी उघडली. ओळखीचा वास आला. बोट डबीत बुडालं आणि काळं होऊन बाहेर आलं.

लावू देत, हेमाच्या मनात आलं. बाईंच्या हातचा एक ठिपका. राहिला कायमचा तर राहिला. पण मन पुढे जाईना. दहा वर्षं ओढणी गालावर ओढून ती वावरली होती. बोट इतकं जवळ आलं, की अंधुक दिसायला लागलं.

हेमानं कांताबाईंचं मनगट धरलं.

“बाई, नको.”

शेल्याला लावलेल्या माइकनं ते दोन शब्द देवळाच्या दारापर्यंत नेले. टाळ्या थांबल्या, पेटी थांबली. गुरूचा हात गादीवर उभ्या शिष्येनं धरून ठेवलेला, आणि पाऊणशे माणसं बघतायत.

“बुक्का नाकारलेला कीर्तनकार मी तरी साठ वर्षांत पाहिला नाही,” विश्वस्त उत्तरेश्वरकाका बसल्या जागेवरून म्हणाले.

“हात सोड,” कांताबाई हळू म्हणाल्या.

तिनं सोडला. “बाई, ॲलर्जी नाहीये. खोटं बोलले. परवा लेझर करून घेतलं. त्वचा उघडी आहे. बुक्का आत गेला तर राहील, पिकेलसुद्धा.”

“कशासाठी केलंस?”

“खड्ड्यांसाठी.”

“चार वर्षं बघतेय मी ते खड्डे. गळ्यात तर कधी दिसले नाहीत.”

कुणीतरी हसलं. हेमाला ते हसू चेहऱ्यापेक्षा आत झोंबलं. “तुम्ही गळा ऐकता, बाई. माझ्या कीर्तनाचा व्हिडिओ पाहून एकानं खाली लिहिलं होतं, आवाज छान आहे, डोळे मिटून ऐका. त्या दिवसापासून मी गादीवर उभी राहते ती मान खाली घालूनच. मला मान वर करून देवाचं नाव घ्यायचंय. एवढ्यासाठीच.”

कांताबाई बोटाकडे बघत राहिल्या. आता ताट उचलतील, मागे वळतील, आणि चार वर्षं इथेच संपतील.

कांताबाईंनी ते बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. आडवं, रगडून. नीट लागलं की नाही ते न बघताच त्या उत्तरेश्वरकाकांकडे वळल्या.

“आज तिचा बुक्का माझ्या कपाळावर. काका, आणखी साठ वर्षं जगलात तर हेही पाहिल्याचं सांगा.” मग हेमाला म्हणाल्या, “उभी काय राहिलीस? आख्यान घे. लोकांना घरी जायचंय. आणि मान वर!”

योगेशनं सूर दिला. हेमाचा पहिला स्वर कापला, दुसरा सावरला, आणि मग आख्यान चाललं, ते चढत गेलं.

आरती झाल्यावर लोक पाया पडायला रांगेनं आले. काहींच्या चिमटीत बुक्का होता, देवापुढून उचललेला. कांताबाई हेमाच्या शेजारीच उभ्या होत्या. “पायाला हात लावा, तोंडाला नको. बुक्का इकडे,” असं म्हणत त्या प्रत्येकापुढे कपाळ करत होत्या. उत्तरेश्वरकाका शेवटी आले. चिमूट हातात धरून घटकाभर थांबले, मग त्यांनीही ती कांताबाईंना लावली आणि हेमाला वाकून नमस्कार केला. तोवर बाईंचं कपाळ भुवयांपर्यंत काळंभोर झालं होतं.

देऊळ रिकामं झालं तेव्हा कांताबाईंनी विचारलं, “योगेश सांगत होता, स्वतःचंच रक्त काढून सुईनं तोंडात घालतात म्हणे? खरं का?”

“हो.”

“दुखलं का गं फार?”

आत्तापर्यंत आवरलेलं सगळं त्या प्रश्नानं फुटलं. अश्रू गालांवर आले आणि जिथे जिथे ओघळले तिथे तिथे आग झाली. पुसायलाही येईना. कांताबाईंनी पदर पुढे केला आणि लगेच मागे घेतला. इकडेतिकडे पाहिलं, पेढ्यांच्या रिकाम्या खोक्याचं झाकण उचललं आणि हेमाच्या तोंडावर वारा घालायला लागल्या.

“रडू नकोस. खारं पाणी झोंबतं. अगं, रडू नकोस म्हणते ना!”

आणि त्यांचा हात चालतच राहिला.