वाटणीत राहिलेली कुत्री

"ताई, कुत्री आलीय का तुमच्याकडं?"

धाकटीनं आपल्या अंगणातून हाक दिली आणि थोरलीच्या हातातलं शेणाचं घमेलं तिथंच थांबलं. घरं वेगळी झाल्यापासून धाकटी जाऊ आपणहून बोलली ती ही पहिली वेळ. दोन्ही अंगणांच्या मधे कमरेएवढं कुंपण, पण पलीकडचं माणूस दिसतच नाही अशी सवय दोघींनी लावून घेतलेली.

"नाही बाई. असेल इथंच कुठंतरी," थोरली म्हणाली.

"संध्याकाळचा तुकडा खायला आली नाही. कधी चुकत नाही, म्हणून विचारलं."

"येईल की."

धाकटी आत गेली. थोरली मागच्या गोठ्यात आली तशी कुत्री शेपूट हलवत उठली. दुपारपासून ती तिथं खुंट्याला होती. गळ्यात बैलाचं दावं. तिच्या नवऱ्यानं, थोरल्यानं, स्वतःच्या हातानं दोन गाठी मारून बांधलं होतं.

कुत्रीचं असं झालं होतं, की वाटणीत ती राहून गेली. दोघा भावांचं बिनसलं तेव्हा गावातली चार शहाणी माणसं दिवसभर ओट्यावर बसली. त्यांनी जमीन मोजली, बैल एकेक दिला, हंडे वाटले, विहिरीच्या पाळ्या लावल्या. एक मोडकी शिडी होती, तिच्यावरूनही तासभर घासाघीस झाली. कुत्री पायरीवर बसून सगळं बघत होती, पण शहाण्यांना ती काही दिसली नाही. ध्यानात आलं तोवर शहाणे चहा पिऊन आपापल्या घरी गेलेले, आणि एका कुत्रीसाठी त्यांना परत बोलवायची भावांनाच लाज वाटली.

मग कुत्रीनंच आपली सोय लावली. सकाळी थोरलीच्या दारात खायची, संध्याकाळी धाकटीच्या. रात्री दोन शेतांमधल्या बांधावर बसायची आणि रानडुकरांची चाहूल लागली, की शेत कुणाचं ते न विचारता सुटायची. तिच्या जिवावर दोन्ही घरं निवांत झोपत होती.

थोरलीला मात्र तिचा वेगळाच आधार वाटायचा. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा धाकटा शाळेत जात होता. त्याचे सदरे तिनं धुतले, तापात त्याच्या उशाशी ती बसली, त्याच्यासाठी बायको बघायलाही तीच गेली. आता तोच तिच्यासमोरून मान खाली घालून जायचा. कधीतरी हे दोघे पुन्हा एका खळ्यावर बसावेत, एवढंच तिचं देवाकडं मागणं होतं. तोवर निदान एक जीव दोन्ही दारांत जात-येत होता. धाकटीच्या हातचं खाऊन कुत्री आली, की थोरली तिच्या पाठीवरून जरा जास्तच हात फिरवायची.

पाऊस सरून महिना झाला होता. पहाटे दव पडायचं आणि दुपारी ऊन चटके द्यायचं. मक्याची कणसं दाण्यानं फुगलेली, पात वाळत चाललेली, जरा वारा सुटला की सगळं रान सळसळायचं. दोन-चार दिवसांत कापणी लागणार होती. डुकरंही याच दिवसांची वाट बघत ओढ्याच्या झाडीत बसलेली असतात.

आणि नेमकी बांधायच्या आदल्या संध्याकाळी थोरल्यानं कुत्री धाकट्याच्या मक्याकडं तोंड करून बसलेली बघितली.

"आपल्याकडं पाठ करून बसली होती," तो बायकोला म्हणाला, जणू कुत्रीनं गावासमोर त्याचा अपमान केला होता. "सकाळी खायचं आपलं आणि राखायचं त्याचं."

"अहो, ओढा त्या अंगाला आहे. डुकरं तिकडूनच येतात, तर ती बघणार कुठं?"

"तू नको शिकवू. एक रात्र जागू दे त्याला स्वतः. कळेल मग."

"आणि डुकरं काय बांध बघून थांबतात?"

त्यानं आवाज चढवला. आवाज चढला की थोरली गप्प बसायची. वीस वर्षं तेच चाललं होतं, तेव्हाही तेच झालं.

बांधलेली कुत्री त्या रात्रभर भुंकली. दाव्याला हिसके देऊन देऊन तिनं खुंटा हलवला, पण गाठी सुटल्या नाहीत. थोरली दोनदा उठून बसली. दोनदा नवरा म्हणाला, "पड गप." ती पडली. गोठ्याचं दार दहा पावलांवर होतं आणि ती गेली नाही, याचंच पुढं तिला सगळ्यात जास्त लागलं.

उजाडायच्या आत थोरल्यानं गुपचूप दावं सोडलं. कुत्री सुटली ती थेट शेताकडं.

डुकरांनी फारसं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. आधी धाकट्याचा मका आडवा केलेला, मग बांध ओलांडून थोरल्याचा. ताटं मोडलेली, कणसं अर्धी चावून टाकलेली, दवानं भिजलेल्या मातीत नुसते खुरांचे ठसे. कुत्री त्यात वास घेत वेड्यासारखी फिरत होती.

दोघे भाऊ बांधाच्या दोन बाजूंना उभे होते. मागं दोघी जावा.

"तुझा सगळा गेला?" थोरल्यानं विचारलं.

"ओढ्याकडचा सगळा. तुझा, दादा?"

"थोडा उभा आहे तिकडं."

'दादा' ऐकून थोरली दोन पावलं पुढं आली. तिला वाटलं, आता नवरा खरं सांगेल. आता सांगितलं तरी चालेल, आता दोघांचं दुःख सारखंच आहे.

"कुत्री काय करत होती?" धाकट्यानं विचारलं.

थोरला मातीकडं बघत म्हणाला, "म्हातारी झाली ती. झोपली असेल."

रात्रीचं भुंकणं सगळ्या आळीनं ऐकलं होतं. धाकट्याचं घर तर कुंपणाला लागून. त्यानं भावाकडं बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. "हो," तो म्हणाला. "कानही गेलेत तिचे."

झालं. एवढ्या एका वाक्यावर थोरल्याचे खांदे सैल पडले. मग दोघेही बोलायला लागले. कुत्री कशी आळशी झाली, नुसती खायला पुढं असते, गेल्या महिन्यातही तिनं ससा सोडला. एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं पुढं ओढायचं. दोघे बांधावर टेकले, थोरल्यानं तंबाखू मळली आणि निम्मी भावाच्या हातावर ठेवली. थोरली बघत राहिली. जे बघायला ती आसुसली होती ते समोर होतं, आणि तिला ते बघवत नव्हतं.

दूध न्यायला गाडी आली तेव्हा कुत्रीचा निकाल लागलेलाच होता. पुलापलीकडं लांब कुठंतरी सोडून ये, असं भावांनी दूधगाडीवाल्याला सांगितलं. पण कुत्री त्याच्या हाताला येईना. भावांनी बोलावलं तर त्यांच्याकडंही जाईना.

"तू चढव गं," थोरला म्हणाला. "तुझं ऐकते ती."

थोरलीनं तिला उचललं. कुत्रीनं जरासुद्धा अंग चोरलं नाही. डब्यांच्या मधे जाऊन बसली आणि थोरलीही चढेल म्हणून तिच्याकडं बघत राहिली.

गाडीवाल्यानं फळी लावता लावता विचारलं, "हिच्या गळ्याला काय झालं हो? गोल सोललंय सगळं. बांधली होती की काय?"

थोरला गाडीच्या चाकाकडं बघायला लागला. धाकट्यानं उगाच खाकरून घेतलं. धाकटी थोरलीकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं: ताई, तुम्ही म्हणाला होतात, असेल इथंच कुठंतरी. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. पण तो शब्द बोलला असता तर बांधावरची तंबाखू, 'दादा', सगळं तिथंच संपलं असतं.

"कुंपणाच्या तारेत अडकली होती," थोरली म्हणाली.

"बघा बिचारी," म्हणत गाडीवाला निघून गेला.

दुपारी दोन्ही शेतांतली वाचलेली कणसं एकाच खळ्यावर आणून टाकली. वेगळे ढीग करण्याइतकी ती नव्हतीच. चौघंही गोलात बसून सोलायला लागली. ऊन चांगलं होतं. धाकटीनं पाण्याचा तांब्या थोरलीपुढं सरकवला. थोरलीनं दोन घोट घेतले आणि तांब्या परत तिच्याकडं सरकवला.

"दुसरं कुत्रं आणू," थोरला म्हणाला. "दोघांत मिळून एक. तरणं बघून आणू."

"आणू की," धाकटा कणसाची पात ओढत म्हणाला. "फक्त रात्री मोकळं ठेवायचं, दादा. बांधलेलं कुत्रं कितीही ओरडलं, तरी ते करणार काय?"

थोरलीनं पुढचं कणीस हातात घेतलं. ते अर्धं खाल्लेलं होतं. उरलेलं अर्धं तिनं सोलून ढिगात टाकलं.