भुयारातली झोप

अम्मीचं मन रमवायचं, असा नबीलने चंगच बांधला होता. अब्बा गेले, इद्दतीचा शोककाळ सरला, आणि त्याने तिला हर्णैहून रियाधला आपल्याकडे आणलं. मॉल दाखवले, टॉवर दाखवले. अम्मी सगळीकडे मुकाट्याने यायची. आठवडाभर ऑफिसात पिळून निघालेला नबील सुट्टीच्या दिवशीही गाडी हाकायचा.

त्या शुक्रवारी त्याने तिला दूर अफलाजकडच्या एका गावात नेलं. खजुरीच्या बागांना एकेकाळी पाणी पुरवणारं प्राचीन भुयार तिथे होतं. तोंडाशी एक म्हातारा राखणदार बसला होता.

"मोया खलास," तो म्हणाला. पाणी केव्हाच आटलं होतं. तरी त्याने त्यांना आत सोडलं.

पायऱ्या उतरल्यावर गारवा लागला. मधूनमधून वरच्या विहिरीसारख्या भोकांतून उजेड पडत होता.

"तू बघून ये. मी टेकते जरा," म्हणत अम्मी कडेच्या दगडावर बसली.

नबील थोडं पुढे जाऊन फोटो काढून परतला, तर अम्मीची मान कलली होती. त्याने हाक मारली. पुन्हा मारली. अब्बाही असेच बसल्या जागी गेले होते. त्याने तिच्या नाकाशी बोटं धरली. श्वास चालू होता. ती गाढ झोपली होती.

तो शेजारी बसला.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"अम्मी, घाबरवलंस मला."

"आल्यापासून धड झोप नाही रे. तुझ्या अब्बांच्या घोरण्याची सवय. त्या गादीवर नुसती छताकडे बघत पडते."

"मग सांगायचंस ना."

"तू एवढा राबतोस. काय सांगू? दमले मी बघून बघून. घरी पोचव मला."

"तिथे एकटी राहशील?"

"राहीन. शेजारपाजार आहे, बहीण आहे."

वरून राखणदाराने हाक दिली. नबीलने अरबीत थोडा वेळ मागून घेतला.

"झोप अजून," तो म्हणाला आणि त्याने आपला खांदा पुढे केला. अम्मीने त्यावर डोकं टेकलं. थोड्या वेळाने त्याचेही डोळे मिटले.

पुढच्या महिन्यात रजा काढून तो स्वतः तिला हर्णैला सोडून आला.