पायडलात अडकलेला जावई

शिवहारच्या घरात नवरा-बायकोच्या पायाचं माप एकच. चपलांचे जोड दोघांत मिळून. ज्याला आधी बाहेर पडायचं त्यानं चांगला जोड घालायचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे शिवहारनं बायकोचे बूट घातले म्हटलं की तुम्ही मला खोटारडा म्हणाल, आणि तसं म्हणणारी माणसं गावात आधीच भरपूर आहेत.

शिवहार माझ्या शेजारचा. आखाडा बाळापूरच्या अलीकडे आमची वस्ती, तिथं त्याची मेंढरं. माणूस सरळ, पण मान फार ताठ. दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं तर चौकट उंच करून घेईल, वाकणार नाही. त्याची बायको सुकन्या शाळेत खेळाची मॅडम. लग्नाआधीपासून सायकलच्या शर्यती मारणारी. तिची सायकल डोंगरात चालवायची, जाड टायरांची. तिला कॅरियर नाही, घंटी नाही, आणि पायडल म्हणाल तर पाय ठेवायला जागाच नाही, नुसता एक खटका. बूट वेगळे. त्यांच्या तळाला लोखंडाची छोटी पट्टी. ती खटक्यात दाबली की टक् वाजतं आणि बूट पायडलाला चिकटतो. सोडवायचा तर टाच बाहेरच्या अंगाला फिरवायची. वर ओढत बसलात तर संध्याकाळ होते.

आता शिवहारला यातलं काही ठाऊक नव्हतं. एक दिवस बूट उन्हात ठेवताना त्यानं तळ बघितला आणि त्याला वाटलं, कुठल्या तरी यंत्राचं लोखंड अडकलंय. बायकोचं काम हलकं करावं म्हणून पान्यानं दोन्ही पट्ट्या सोडवल्या. लोखंड चांगलं होतं, वाजत होतं. फेकायचं कशाला? भुऱ्या नावाच्या एडक्याच्या गळ्यात बांधलं.

दुसऱ्या दिवशी सुकन्याची नांदेडला शर्यत. तिथं काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. घरी आली, सायकल भिंतीला टेकवली, भुऱ्याच्या गळ्याकडे बघितलं आणि पिशवी भरून माहेरी, पुसेगावला निघून गेली. शिवहार मागून म्हणाला होता की एवढं काय त्यात, सायकल काय लेकरंबी चालवतेत. ते वाक्य त्याला महाग पडलं. यंदा धोंड्याचा महिना आला. जावयाला जेवायला बोलावणं भागच, म्हणून सासऱ्याचा, पुंजाजीचा, निरोप आला. त्यानंतर लगेच सुकन्याचा फोन.

ती म्हणाली, "जेवायला या. पर माझी सायकल चालवत या, बूट घालून. मी सांगस्तोवर पाय भुईला लागला न्हाई पायजे. लागला तर धोंडे खायाचे आन् एकल्यानं वापस जायाचं."

शिवहार माझ्याकडे आला तेव्हा मान खाली होती. मी तर ओळखलंच नाही त्याला.

"संतराम आबा," म्हणाला, "ती बोलली तसं करती. खरंच येनार न्हाई."

मी त्याला शिकवायचं कबूल केलं. मला स्वतःला सायकल येते का, हे त्यानं विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

पहिलं काम भुऱ्याच्या गळ्यातून लोखंड काढून बुटांना परत बसवायचं. एडक्याला त्या वाजण्याची इतकी सवय झाली होती, की आम्ही ते काढल्यावर तो दोन दिवस चरला नाही. शेवटी माझ्या घराच्या दोन जुन्या किल्ल्या त्याच्या गळ्यात बांधल्या. तेव्हापासून माझ्या घराला कुलूप लावायचं असलं की आधी एडका शोधावा लागतो.

मग शिकवणी. मुरमाड रानात शिवहार सायकलवर बसला, टक् टक् झालं, आणि तसाच आडवा झाला. उठवला, पुन्हा आडवा. कोपरं सोलली, गुडघे सोलले. ओढून ओढून पाय रात्री कधीतरी सुटायचे, आणि सालटी काढून घेऊन तो रोज घरी जायचा. मला दया आली. म्हटलं, लेका, तुझ्या घरी एवढी लोकर चालती-फिरती असताना तू मुरमावर काहून पडतोस? मेंढरांच्या मधी चालव.

तसंच केलं. पहिल्या दिवशी मेंढरं बिचकली. पण मेंढरू मुकं असलं तरी मालकाला ओळखतं. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की टक् वाजलं म्हणजे मालक पडणार. मग टक् वाजायचा अवकाश, दोन्ही अंगांनी मेंढरं येऊन चिकटायची. शिवहार ब्रेक दाबायचा आणि लोडाला टेकावं तसा लोकरीवर टेकायचा. तिथंच बसून तंबाखू मळायचा. निघायचं झालं की मेंढरं चार पावलं सोबत चालायची, त्याला वेग आला की बाजूला व्हायची. पोलिसांच्या परेडमध्ये अशी शिस्त बघायला मिळत नाही.

एकदा मी विचारलं, पायडलातून पाय काढायचा धडा राहिलाय, तो कधी घ्यायचा? शिवहार म्हणाला, पाय भुईला लावायचाच न्हाई तर काढायचा कशाला? मला ते बराबर वाटलं. आता तुम्हाला हसू येत असेल, पण त्या वेळी तुम्हालाही बराबरच वाटलं असतं.

जेवणाच्या दिवशी भल्या पहाटे मेंढरांनी त्याला रस्त्याला लावून दिला. मागे भावसिंगच्या मोटारसायकलवर मी, साक्षीदार म्हणून. भावसिंग तांड्यावरचा, आमचा दोघांचा दोस्त. बोलतो कमी, त्यामुळे माझं त्याच्याशी चांगलं जमतं.

कळमनुरीपर्यंत सायकल अशी पळाली की भावसिंगनं गिअर बदलला. तिथं शिवहारला चहाची तल्लफ आली, आणि तेव्हा कुठं आमच्या तिघांच्या डोक्यात उजेड पडला की मेंढरं नसताना थांबायचं कसं हे कुणालाच ठाऊक नाही. त्यानं हॉटेलाभोवती गोल फिरायला सुरुवात केली. हॉटेलवाला समजदार होता. एका फेरीला हातात चहा दिला, पुढच्या फेरीला रिकामा ग्लास घेतला, त्याच्या पुढच्या फेरीला भज्याची पुडी. स्टँडवरच्या लोकांना वाटलं ही कसली तरी जाहिरात आहे. दोघांनी कशाची म्हणून विचारलं. मी सांगितलं, चहाची. त्या हॉटेलात अजून गर्दी असते म्हणतात.

हिंगोली मागे पडली, कयाधूचा पूल गेला. पुढे रस्त्याच्या कडेला एका मळ्यात हळद पॉलिश करायचा ड्रम फिरत होता आणि खाली हळदीच्या भुकटीचा ढीग साचला होता. तेवढ्यात एक कळप रस्ता ओलांडायला लागला. शिवहारनं कळप बघितला आणि हाताला सवय लागलेली, त्यानं ब्रेक दाबून आरामात अंग टाकलं.

पण त्या शेळ्या होत्या. त्यांना ही विद्या कुठली? त्या सभ्यपणे बाजूला झाल्या आणि शिवहार सायकलसकट हळदीच्या ढिगात गेला.

मी आणि भावसिंगनं बाज उचलावी तसं दोघांना मिळून उचललं, सायकल आणि जावई, आणि रस्त्यावर उभं केलं. पाय पायडलातच होते. डोळे सोडून सगळा पिवळा. भावसिंग त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलला, की लग्नातबी एवढी लागली नव्हती.

पुसेगाव आलं. पारावर पुंजाजी आणि गावची जाणती माणसं जावयाची वाट बघत बसलेली. आपल्याकडे जावई कितीही मोठा असो, जाणती माणसं दिसली की गाडीवरून उतरायचं आणि पाया पडायचं. शिवहारवर पुंजाजीचा जुना राग तोच होता. लग्नात पाया पडतानाही या गड्यानं मान वर ठेवली होती. आज काय करतो हे बघायला चार माणसं मुद्दाम बोलावली होती.

शिवहारनं ब्रेक दाबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मेंढरू कुठंच नाही. आणि बराबर पुंजाजीच्या पायांशी, सायकलसकट, लांबच्या लांब आडवा झाला.

पुंजाजीचे डोळे भरून आले. लोटांगण त्यानं पाहिलं होतं, पण सायकलवरून उतरण्याएवढाही वेळ न दवडणारं नव्हतं पाहिलं. तेवढ्यात बाजूचा म्हातारा पुटपुटला की आमी काय पाप केलं. झालं. आम्ही जावयाला उचलायचं, पुढच्या म्हाताऱ्यासमोर उभं करून सोडायचं, तो आडवा. पुन्हा उचलायचं, पुढचा म्हातारा. पार संपला तेव्हा एकानं घरी झोपलेल्या थोरल्या भावाला निरोप पाठवला.

मिरवत मिरवत पुंजाजीच्या अंगणात आलो. सासूबाई पंचफुलाबाई भाकरतुकडा ओवाळायला दारात उभ्या. त्यांच्यापुढेही तो आडवा झाला, आणि आता काही उठेना, दमला होता. माणसांनी पाय ओढले, सायकल ओढली. पंचफुलाबाई बघत होत्या, मग म्हणाल्या की बूट काढा की त्याचे.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हे कुणाला सुचलंच नव्हतं. पण शिवहार पडल्या पडल्या म्हणाला, "न्हाई मामी. बूट काढला की पाय भुईला लागंल. ती सांगस्तोवर न्हाई."

सुकन्या दारात आली. पिवळा नवरा, वर फिरणारं चाक, भोवती गाव. तिनं मला विचारलं की वाटेत पाय टेकला का. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की टेकला नाही. आयुष्यात एवढं खरं मी बोललो नव्हतो.

"आबा, तुमची साक्ष राहू द्या," ती म्हणाली.

ती खाली बसली. त्याचा पाय धरून बघितला. शिवहार जीव खाऊन पाय वर ओढत होता आणि सायकलच उचलली जात होती. तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"ह्यांना पाय काढायचाच येत न्हाई," ती बापाला म्हणाली, "मंग टेकवला कवा असंन?"

पुंजाजीनं हिशेब लावायला जरा वेळ घेतला. "म्हंजी पारावर..."

"पडलो, मामा," शिवहार म्हणाला. "सगळ्या वेळा पडलोच."

मला वाटलं आता जेवण गेलं. पण पुंजाजी मिशीवरून हात फिरवत म्हणाला, की असू द्या, पडला तर पायाशीच पडला ना, दुसरीकडं कुठं जागा नव्हती का.

सुकन्या मात्र उठली नव्हती. तिनं विचारलं, "माझ्या बुटाचं लोखंड एडक्याच्या गळ्यात काहून बांधलं?"

शिवहारनं मान टाकली. अंगणातल्या मातीला गाल लागेपर्यंत. "मला कळलं न्हाई त्यातलं," म्हणाला. "आन् कळत न्हाई हेबी बोललो न्हाई. चुकलं माझं. लई अवघड हाय गं तुझी सायकल."

तिनं त्याची उजवी टाच धरली, बाहेर फिरवली. टक्. पाय मोकळा.

"टेकवा," म्हणाली.

त्यानं पाय भुईला टेकवला. मग डावा पाय पुढे केला. तिनं त्याच्याकडे बघितलं, हात झटकले आणि सांगितलं की हा पाय आपल्या घरी गेल्यावर.

शिवहारनं धोंडे तसेच खाल्ले. एक पाय पाटावर, एक पायडलात, शेजारी सायकल आडवी. पंचफुलाबाईंनी जावयाला कुंकू लावलं, मग लेकीला, आणि मग इतकं जवळ कोण बसलंय म्हणून हँडललाही. बूट काढायचं नाव त्यानं शेवटपर्यंत काढलं नाही. वापस येताना टेम्पोत सायकल, सायकलीत शिवहार, आणि त्याच्या पायाशी सुकन्या, त्याला टाच कशी फिरवायची ते दाखवत. बाळापूरला उतरेपर्यंत त्याला ते छान जमायला लागलं होतं, पण त्यानं ते तिला कळू दिलं नाही.