थोरली पाती

आधीच सांगून ठेवतो, मी भांडखोर माणूस नाही. गल्लीत कोणालाही विचारा. म्हणजे, समोरच्या घड्याळवाल्याला सोडून कोणालाही विचारा.

मी फोटोंना फ्रेमा करून देतो. बारा पावलांवर, अगदी नाकासमोर, त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्याचा संसार दुकानाच्या वरच. दोन्ही पाट्यांवर एकच आडनाव, आणि आडनाव असं की ऐकणारा दोनदा विचारतो आणि तरी चुकीचं लिहून घेतो. अख्ख्या शहरात ते आणखी कोणाचं नाही. तेव्हा आम्ही भाऊबंद, हे सांगायला ज्योतिषी नको. माझे वडील सांगायचे, त्याचेही वडील सांगायचे, की आपले आजोबा भाऊ भाऊ. कसले भाऊ, सख्खे की चुलत, ते कोणीच सांगितलं नाही. थोरला कोण ते मात्र दोघांनीही सांगितलं. माझ्या वडिलांच्या मते आम्ही थोरले, त्याच्या वडिलांच्या मते ते. इथंच माशी शिंकली.

अडतीस वर्षांपूर्वी त्यानं समोर दुकान थाटलं आणि पाटीवर आडनावाखाली रंगवून घेतलं, 'थोरली पाती'. म्हणजे घराण्याची थोरली शाखा ती त्याची, आणि आम्ही काय शेपूट? दुसऱ्याच दिवशी मी पेंटर बोलावला आणि लिहवून घेतलं, 'मूळ थोरली पाती'. त्यानं 'अस्सल' वाढवलं. मी 'एकमेव' वाढवलं. शेवटी माझ्या पाटीवर फ्रेमांचं नाव लिहायला जागाच राहिली नाही. एक बाई आत येऊन विचारायला लागल्या, इथं वकील बसतात का. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

बोलणं बंद म्हणजे एकमेकांशी बंद. लेकी बोले सुने लागे, ही सोय माणसाला आहेच. गल्लीत एक मांजर असतं, त्याच्याशी आम्ही दोघंही बोलतो. "काय रे बाबा," मी दारात उभा राहून मांजराला म्हणतो, "काही लोकांना दुसऱ्यांची घड्याळं नीट करता येतात, पण स्वतःचं दुकान वेळेवर उघडता येत नाही, होय ना?" मग तो त्याच मांजराला हाक मारतो, "इकडे ये. तिकडे नको जाऊस, तिकडे चौकटी वाकड्या आहेत, मान अवघडेल." हे आमचं चौथं मांजर. आधीची तिन्ही चांगली जगली.

आता एक गोष्ट सांगतो आणि पुन्हा सांगणार नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ झालं नाही. एक बहीण होती, तीही गेल्या वर्षी गेली. ती गेल्यावर एके दुपारी काच कापता कापता मनाशी मोजलं, तर रक्ताचं म्हणावं असं माझ्या पिढीतलं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते समोर डोळ्याला भिंग लावून बसलं होतं. मला त्याचा राग येतो, हे खरं. पण सकाळी त्याचं शटर उघडायला उशीर झाला की माझा हात कामाला लागत नाही, हेही खरंच.

म्हणून ठरवलं. डोळे मिटायच्या आत एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. तो माझा धाकटा आहे हे लेखी सिद्ध करायचं, कागद फ्रेम करायचा आणि त्याला दिसेल असा टांगायचा. फ्रेमसाठी तरी कोणाकडे जायला नको.

घराण्याचा इतिहास शोधून देणं हाच जिचा धंदा, अशी एक बाई असल्याचं एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. तिसऱ्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरच्या शेजारी तिची खोली. भिंतभर फायली, टेबलावर मोठं भिंग आणि पेन्सिली. पेन एकही नाही. जुनी दफ्तरं असतात तिथं पेन नेऊ देत नाहीत, म्हणून पेन्सिलीचीच सवय, म्हणाली. मी बसलो आणि घराण्याची कीर्ती सांगायला सुरुवात केली. तिनं वहीचं पान उभं दुमडलं. एका बाजूला लिहिलं 'ऐकीव', दुसऱ्या बाजूला 'लेखी'.

"आमचे आजोबा थोरले," मी म्हटलं.

"हे ऐकीव की लेखी?"

"वडिलांनी सांगितलंय."

"ऐकीव." तिनं लिहिलं.

"त्यांच्या शब्दाला गावात मान होता."

"ऐकीव."

असा तास गेला. 'ऐकीव'खाली तीन पानं भरली. 'लेखी'खाली माझी जन्मतारीख होती, तीही दाखला बघून घेतलेली. माझं डोकं सणकलं, पण बाई थंड. उलट वर म्हणाली, "समोरच्यांनाही विचारावं लागेल. एका बाजूचं ऐकून मी काम करत नाही."

ती त्याच्याकडे गेली ती दोन तासांनी बाहेर आली. चहासुद्धा घेतला तिथं! आणि मला येऊन सांगते, "त्यांनाही अहवाल हवाय. तुमच्यासारखंच, थोरला कोण ते ठरवायला. अहवाल एकच होईल, प्रती दोन. एकाच दिवशी, एकाच वेळी दोघांच्या हातात देईन."

मी मांजराला म्हटलं, "काही लोकांना दुसऱ्याच्या ताटातलंच लागतं." समोरून आवाज आला, "मांजरा, सत्याला कोण भितो रे?"

अडीच महिने गेले. एका सकाळी बाई आली, एक पाकीट त्याच्या हातात दिलं, एक माझ्या, आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "वाचा," म्हणाली. "काही शंका असतील तर मी आत्ता इथंच आहे."

मी माझ्या पायरीवर, तो त्याच्या पायरीवर. मी शेवटचं पान आधी उघडलं, निकाल तिथंच असतो म्हणून. वाचलं. पुन्हा वाचलं. मग बाईला म्हटलं, "हे काय लिहिलंय ते तोंडी सांगा."

तिनं सांगितलं. इथं पूर्वी दोरखंडाचा कारखाना होता. त्याचं भरतीचं रजिस्टर तिला सापडलं होतं. एकशे चौदा नंबरला घड्याळवाल्याचे आजोबा, वय चोवीस. त्यांच्या मागेच रांगेत एकशे पंधरा, माझे आजोबा. त्यांचं आडनाव आधी वेगळंच लिहिलेलं होतं. ते कारकुनानं खोडलं आणि वर एकशे चौदाचं आडनाव लिहिलं. शेजारी नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'एकशे चौदाचा धाकटा भाऊ'.

"धाकटा!" समोरून आरोळी आली.

"थांबा," बाई म्हणाली. "कारखान्यात एकट्या माणसाला खोली मिळत नव्हती. सड्याफटिंगांना गोदामात झोपायला लागायचं. खोली भावाभावांना मिळायची. एकशे चौदांनी साहेबासमोर सांगितलं की मागचा माझा भाऊ आहे, आणि कारकुनानं ते लिहून घेतलं. पण मी दोघांच्या जन्माच्या नोंदी काढल्या. गावं वेगळी, दोन दिवसांच्या वाटेवरची. आईबाप वेगळे, आडनावं वेगळी."

"मग नातं काय लागतं?" मी विचारलं.

"काही नाही."

"लांबचं?"

"लांबचंही नाही. दोन्हीकडून पाच पाच पिढ्या शोधल्या मी." आता तिचा आवाज जरा मऊ झाला होता. "त्यांची ओळख कधीची होती ते मला कागदात सापडलं नाही, म्हणून लिहिलं नाही."

ती गेली. मी आत येऊन स्टुलावर बसलो. थोरला नाही, धाकटा नाही, भाऊबंद नाही, आणि आडनावसुद्धा आमचं नाही, रांगेतल्या पुढच्या माणसाचं. एका पाकिटात मी सगळ्यातूनच उठलो होतो. मला त्या बाईचा राग आला, मग स्वतःचा आला. सुखाचा जीव दुःखात घालायला मला सांगितलं होतं कोणी? वर तिच्या जिन्याचे तीन मजले मी स्वतःच्या पायांनी चढलो होतो.

मग मी त्याच्या टोमण्याची वाट बघत बसलो. त्याच्या जागी मी असतो तर ढोल बडवला असता! उसनं आडनाव, गोदामातले लोक, काय वाट्टेल ते बोललो असतो. पण तो गप्प. एक दिवस गेला, दुसरा गेला. मांजर मधोमध बसून दोन्हीकडे बघायचं, आणि कोणीच काही बोलायचं नाही. त्याला काय, बायको आहे, दोन मुलगे, सुना, नातवंडं आहेत. भरल्या घरातला एक खोटा भाऊबंद कमी झाला तर त्याचं काय जातं? भांडायलासुद्धा एकमेकांचं काहीतरी लागावं लागतं. परक्या माणसाशी कोण अडतीस वर्षं भांडत बसतो?

तिसऱ्या दिवशी मी शिडी लावली. पत्र्याचा तुकडा आणि पॉलिश पेपर घेऊन वर चढलो आणि पाटी खरवडायला लागलो. आधी 'एकमेव' गेलं. मग 'मूळ', मग 'थोरली पाती'. मग आडनावाला हात घातला. गरीब असेन, पण उसनं मिरवणाऱ्यातला मी नाही. पहिलं अक्षर अर्धं उडालं होतं तेवढ्यात खालून आवाज आला.

"ए! काय चाललंय?"

मी खाली पाहिलं. तो शिडीशी उभा, भिंग कपाळावर तसंच चढवलेलं. मांजर कुठं दिसत नव्हतं. म्हणजे हे मलाच होतं.

"माझी पाटी आहे," मी म्हटलं.

"आडनाव माझं आहे."

"म्हणूनच काढतोय. ठेव तुझं तुझ्याकडे. उसनं नको मला."

"उसनं?" तो एवढ्यानं ओरडला की इस्त्रीवाला दुकानाबाहेर आला. "माझ्या आजोबांनी दिलेलं आहे ते! दिलेलं परत मागितलं कोणी? मी मागितलं? माझ्या बापानं मागितलं?"

"बाईनं लेखी दिलंय, आपलं नातं नाही म्हणून."

"बाईनंच लेखी दिलंय," त्यानं खिशातून अहवाल काढला, नेमक्या पानावर दुमडलेला, "की एकशे पंधरा हा एकशे चौदाचा धाकटा भाऊ. साहेबासमोर सांगितलंय, रजिस्टरात चढलंय. ऐकीव नाही. माझ्या आजोबांनी एकदा भाऊ म्हटलं ते म्हटलं. ते खोडणारा तू कोण?"

म्हणजे हा मला भाऊ म्हणत होता. सगळ्या गल्लीसमोर. आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट ध्यानात आली. धाकटा भाऊ! अरे लबाडा! दोन दिवस हा तोंड मिटून बसला तो ह्याच्यासाठी. तो कागद खरा मानला तर हा माझा भाऊ, आणि मी धाकटा. खोटा मानला तर मी कोणाचाच धाकटा नाही, पण मग कोणाचाच कोणी नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे," मी म्हटलं.

"पातीत वय बघत नाहीत. हे तूच मांजराला समजावलंयस, गेल्या साली. मी ऐकत होतो."

आता इस्त्रीवाल्याबरोबर त्याचं गिऱ्हाईकही बाहेर आलं होतं, औषधवाला पायरीवर येऊन उभा होता, वरच्या खिडक्या उघडत होत्या. त्यानं शिडीवर एक हात ठेवला.

"बोल. थोरला कोण?"

अडतीस वर्षं. चार मांजरं.

"तू," मी पुटपुटलो.

"मांजराशी बोलतोयस काय? माणसांना सांग."

"हा माझा थोरला भाऊ आहे!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. "हा थोरला आणि मी धाकटा! ऐकलंत का सगळ्यांनी? झालं का समाधान?"

औषधवाल्यानं टाळ्या वाजवल्या. हलकट कुठला. माझे डोळे वाहायला लागले. रंगाचा भुगा गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि बाहीनं तोंड पुसलं. त्यानं दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि मी एक एक पायरी उतरलो.

"चल वर," तो म्हणाला. "जेवायची वेळ झालीय. आणि पुढं चालू नकोस, धाकट्यानं मागून यायचं."

"जास्त करू नकोस," मी म्हटलं. पण मागूनच गेलो.

त्याच्या दुकानामागून जिना होता, अंधारा आणि अरुंद. तो मला कधी माहीतच नव्हता. वर चढताना एवढंच मनात आलं, की आपण धाकटे झालो म्हणजे ह्याची बायको आता आपली वहिनी लागते, आणि गेली अडतीस वर्षं आपण तिला काहीच म्हटलेलं नाही. दारात तो चपला काढायला वाकला. मी मागे उभा, पत्र्याचा तुकडा हातात तसाच. आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"कोण आलंय हो?" तिनं विचारलं.

"कोणी नाही गं," तो म्हणाला. "आपलाच आहे."