मागे वळायचं नाही

पिशवी बाकाखाली ढकलून दक्षा उठली आणि चालू लागली. मागे वळायचं नाही, हे ठाणेदार साहेबांनी सकाळपासून तीनदा बजावलं होतं. घाई दाखवायची नाही, रेंगाळायचं नाही, आणि काही झालं तरी वळायचं नाही. बेवारस पिशवी कोणाला दिसते, कोण कळवतं, किती वेळात कळवतं, हेच तर बघायचं होतं.

स्टँडवर डहाणूच्या गाडीची गर्दी होती, पण दक्षाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. अंगावर खाकी नसली की तिच्याकडे कोणाचंच लक्ष जात नसे. जुनं लुगडं, डोक्यावर पदर, पायांत झिजलेल्या चपला. अशा बायका या स्टँडवर दिवसभर येत-जात असतात. होमगार्डमध्ये लागल्यापासून तिने जत्रेचे बंदोबस्त केले, निवडणुकीचे केले, पण अतिरेकी व्हायची ही पहिलीच खेप. निघताना हवालदार रविंद्रदादाने चिडवलंच होतं.

"दक्षाबाय, नीट अतिरेकी व्हा हां. नायतर सवयीने लोकांना रांगेत उभं कराल."

तीही हसली होती. २०१६चा तो ऑक्टोबर. सीमेवर जवान मारले गेल्याला फार दिवस झाले नव्हते, आणि समुद्रापासून हायवेपर्यंत सगळीकडे नाकाबंदी नाहीतर सराव चालू होता. पोलीस ठाण्यात सरावासाठी आणलेली बॅग होती, पण ती इतकी नवी कोरी की साहेब म्हणाले, ही बघून लोक दुकान शोधतील, घरची एखादी आण. म्हणून तिने आईची पिशवी आणली. आईने, लाडकीने, खताच्या गोणीची शिवलेली, लाल दोऱ्याच्या बंदांची. आत वाळू, गजराचं घड्याळ आणि दोन वायरी साहेबांनी स्वतःच्या हाताने भरल्या.

"ए बाय! पिशवी राह्यली तुझी!"

आवाज ओळखीचा होता. काकड्याकाका. त्यांच्याच पाड्यावरचा, तिच्या बापाचा जोडीदार. घोलवडला चिकूच्या वाडीत फळं उतरवायला असायचा. भात कापणीला आलं म्हणून घरी निघाला असणार. खांबाआड जमिनीवर बसलेला तो तिला दिसलाच नव्हता. त्याला मात्र ती दिसली होती, आणि पिशवी तर त्याने लांबूनही ओळखली असती.

"ए बाय, थांब की!"

पिशवी घेऊन तो धावत येत होता. दक्षाचा पाय अडखळला. नुसतं वळून म्हणायचं होतं, काका, ठेव ती खाली. एवढ्यावर भागलं असतं. पण समोर चहाच्या टपरीवर साध्या कपड्यांत साहेब बसले होते. पेपरवरून त्यांची नजर तिच्यावरच होती. दक्षाने पाऊल उचललं, आणि आधीपेक्षा भरभर चालू लागली.

मागे कोणीतरी विचारलं, एवढं काय आहे रे पिशवीत? कोणीतरी ती उघडली. मग बॉम्ब, बॉम्ब अशी ओरड उठली, माणसं सैरावैरा पळाली, आणि जी पळाली नाहीत त्यांनी काकड्याला धरलं. साहेबांची शिट्टी वाजली, पण तोवर त्याचा ओठ फुटला होता.

ठाण्यात आल्यावर दक्षाने खाकी चढवली. सराव तसा झकास पार पडला होता. लोक सावध होते, पिशवी लगेच सापडली, पोलिसांची गाडी वेळेत पोचली. आता चुकून धरलेल्या माणसाचा जबाब घ्यायचा, त्याला चहा पाजायचा आणि घरी सोडायचं, एवढंच उरलं होतं. रविंद्रदादाने पिशवी टेबलावर ठेवून नेहमीच्या सुरात विचारलं, "कोणाची?"

काकड्याने पिशवीकडे पाहिलं. उघड्या तोंडातून वायरी दिसत होत्या.

"माझी," तो म्हणाला.

रविंद्रदादाला वाटलं, म्हातारा भेदरलाय. त्याने पुन्हा विचारलं. काकड्याने पुन्हा तेच सांगितलं. आणि रविंद्रदादा पडला उत्साही माणूस. वायरलेसवर वर कळवताना त्याने तेही सांगून टाकलं, की एक इसम ताब्यात, कबुली देतोय.

वरून उत्तर आलं, दहशतवादविरोधी पथक चार वाजता येतंय. तोवर त्याला सोडू नका.

दक्षा साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, पिशवी तर आपलीच. तुम्ही सांगा ना त्यांना."

"सांगितलं."

"मग?"

"ते म्हणतात, तुमची आहे तर तो माझी का म्हणतो? कोणाला वाचवतोय?" साहेबांनी कपाळ चोळलं. गेले काही दिवस त्यांची झोप झाली नव्हती, ते डोळ्यांवरून कळत होतं. "आपण ठेवलेल्या पिशवीची जो कबुली देतो, त्याने स्वतः काय कुठे ठेवलंय, हे ते विचारणारच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं."

"पण गुन्हा काय त्याचा?"

"गुन्हा नाही ग, चौकशी. आज मी त्याला सोडला आणि चार दिवसांनी हायवेवर अच्छाडच्या नाक्यावर खरोखर काही झालं, तर पहिला प्रश्न मला येईल. माणसं मेल्यावर कोणी म्हणत नाही, की साहेब, तुम्ही एका गरिबाला घरी जाऊ दिलंत ते बरं केलंत." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "एकच वाट आहे. पथक यायच्या आत त्याने खरं सांगायचं. एक बाई पिशवी ठेवून गेली, मी द्यायला धावलो. मग कबुली राहत नाही, गैरसमज होतो. गैरसमजाला मी सोडू शकतो."

"मी बोलू त्याच्याशी?"

साहेबांनी मान वर केली. "ओळखतेस?"

"आमच्या पाड्यावरचा आहे."

साहेब उठले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"जा, बोल. पण पथकासमोर ओळख दाखवू नकोस. पिशवी तुझ्या घरची, उचलणारा तुझ्या पाड्यावरचा, आणि वर तो कबुली देतो. त्यांना यातून काय दिसेल ते सांगायला नको."

मागच्या खोलीत काकड्या बाकावर बसला होता. चिकूच्या चिकाने काळे पडलेले हात त्याने मांडीवर पालथे ठेवले होते. दक्षाने चहा पुढे ठेवला. त्याने घेतला, पण सुजलेल्या ओठाला गरम सोसेना, म्हणून कप तसाच धरून ठेवला.

"काका, पिशवी आईची आहे, पण आतलं सगळं पोलिसांचं आहे. खोटं आहे ते. नुसती वाळू आहे."

"हळू बोल."

"हळू कशाला? इथे सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत हाय, तर मला कशाला बसवलाय?"

तिने खाली बसून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू माझी म्हणालास ना, म्हणून. तेवढंच बदल. सांग, एक बाई पिशवी विसरली, मी उचलून द्यायला धावलो. मग जाशील घरी."

"कोण बाई, विचारतील."

"माझं नाव सांग."

काकड्याने तिच्याकडे नीट पाहिलं, वर्दीकडे आणि मग तोंडाकडे. त्या नजरेत राग नव्हता. असता तर दक्षाला बरं वाटलं असतं.

"हे सांगायला त्यांनी पाठवली तुला?"

"मी आपणहून आले."

"तुझ्या बापाला पण असाच सांगितला होता. खरं सांग, अंगठा दे, संध्याकाळी घरी जाशील."

दक्षाने हात काढून घेतला. ती गोष्ट पाड्यावरच्या पोराटोरांनाही ठाऊक होती. जंगलपट्टीच्या, म्हणजे जंगलात कसलेल्या जमिनीच्या, भांडणात पोलिसांनी तिच्या बापाला, चिमणला, आणि काकड्याला एकत्रच उचललं होतं. चिमणने साहेबाचा शब्द धरला, जे झालं ते सांगितलं आणि अंगठा दिला. काकड्याने मार खाल्ला, पण तोंड उघडलं नाही. काकड्या तिसऱ्या दिवशी घरी आला. चिमण तुरुंगातून पुढच्या वर्षी आला, तो खोकतच आला, आणि तो खोकला त्याला घेऊनच गेला. आता तेच शब्द दक्षा बोलून बसली होती, तेही चिमणची पोर असून. तिची तिलाच लाज वाटली.

"मी वर्दीत आहे काका. मला काय करणार आहेत ते?"

"मी हाका मारल्या," काकड्या म्हणाला. "तू ऐकल्यास. पिशवी राह्यली म्हटल्यावर कोणती पण बाई वळते. तू पाय उचललास." त्याने कप खाली ठेवला. "तेव्हाच समजलो मी. कोणी दिली, कशासाठी घेतलीस, मला नको सांगू. जे माहीतच नाय, ते मारलं तरी तोंडातून येत नाय."

"वळायचं नाही असा हुकूम होता."

ती हे बोलली, आणि आपल्याच कानांना ते खोटं वाटलं. असा कुठे हुकूम असतो का? तिने वाळू म्हणून सांगितलं, घड्याळ म्हणून सांगितलं, स्टँडवर साहेब कुठे बसले होते तेही सांगितलं. काकड्या मान हलवत ऐकत राहिला. हट्टी मुलाचं ऐकावं तसा.

"भिकीला सांग," तो शेवटी म्हणाला, "भात उभा ठेवू नको. माझी वाट बघू नको, कापून घे."

भिकी म्हणजे त्याची बायको. आपण आज काही घरी जात नाही, हे त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. दक्षाला रडू आलं, पण बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला आणि ती डोळे पुसून उठली.

पथकात दोघे होते. मोठे अधिकारी चष्मेवाले, मऊ बोलणारे. त्यांनी काकड्याला साहेबांच्या खोलीत आणवलं, आधी पाणी प्यायला दिलं, मग पिशवी पुढे ओढली.

"ही ठेवली कोणी होती?"

"आमच्या होमगार्डने, सर. सरावाचा भाग म्हणून. मीच सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

"बोलवा."

दक्षा दारातच होती. ती पुढे आली आणि सलाम करून उभी राहिली. साहेब फरशीकडे बघत होते.

"तुम्ही ओळखता याला?"

तिने तोंड उघडायच्या आत काकड्या बोलला. ठाण्यात आणल्यापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

"मी हिला ओळखत नाय. कधी बघितली पण नाय. चिमणला पोरगीच नव्हती."

रविंद्रदादाने हळूच डोळे मिटून घेतले.

"चिमण कोण?" अधिकाऱ्यांनी मऊपणे विचारलं.

काकड्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा उतरला, की दक्षाला तो बघवेना. एवढा मार खाऊन, एवढं सांभाळून, शेवटी तिला वाचवतानाच त्याची जीभ घसरली होती. तो आता तिच्याकडे बघून मान हलवत होता. नाही म्हण, नाही म्हण. साहेबही तेच सांगत होते, नुसत्या डोळ्यांनी. कोण चिमण, मला माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तर ती त्या खोलीतून बाहेर पडली असती. संध्याकाळच्या गाडीने घरी गेली असती, आणि भिकीला निरोप दिला असता.

"माझे वडील," दक्षा म्हणाली.

"म्हणजे ओळखता."

"हो. हा काका आहे माझा. मी पिशवी ठेवली, आणि त्याला वाटलं मी विसरले."

"आणि मग तो आपली का म्हणतो?"

"मला वाचवायला."

"कशापासून?"

तुमच्यापासून, असं दक्षाला म्हणायचं होतं. ते तिने म्हटलं नाही.

"सर, ती आमची माणूस आहे," साहेब म्हणाले. "सरळ मुलगी आहे."

"मी कुठे काय म्हणतोय?" अधिकारी पिशवीचे बंद आवळत होते. "नीट समजून घेऊ, दोघांचंही. चौकशी आहे, बाकी काही नाही. संध्याकाळपर्यंत घरी जातील."

दक्षाने टोपी काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. ठेव म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, आणि राहू दे असंही कोणी म्हणालं नाही.

गाडीत मागच्या बाकावर काकड्याला आधी बसवलं. लाडकीची पिशवी पुढच्या माणसाच्या मांडीवर होती. दक्षा चढली तसा काकड्या अंग चोरून सरकला आणि त्याने तिला जागा करून दिली. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत तो तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिला.

"तेव्हा वळली नायस," मग तो अगदी हळू म्हणाला. "आता कशाला वळलीस, बाय?"