सात पर्णिकांचा आरोप

मार्च महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी ठीक साडेआठ वाजता, शिवणवर्गाच्या पायरीलगतच्या वाफ्यातून मला मुळासकट काढून टाकावे, असे घरात ठरले होते. मित्रांनो, मी एक जुना गुलाबी गुलाब आहे. जात हायब्रिड टी, वय एकतीस वर्षे. माझ्यावरचा आरोप तुम्ही ऐकणारच आहात, तेव्हा माझी बाजूही ऐका. हा दयेचा अर्ज नव्हे.

प्रथम माझे कूळ. माझ्या पूर्वजांपैकी एका बाजूचे गुलाब धिप्पाड व काटक, पण वर्षातून एकदोनदाच फुलणारे. दुसऱ्या बाजूचे नाजूक, थंडीने गारठणारे, पण पुन्हा पुन्हा बहरणारे आणि चहाच्या पत्तीसारख्या मंद वासाचे. दीडशे वर्षांपूर्वी माळ्यांनी या दोघांचा संकर केला आणि आमची जात उदयास आली. लांब देठावर एकच कळी, मधोमध उंच उभी; पाकळी आतून फिकी, बाहेरून गडद. हे वर्णन आहे, बढाई नव्हे. आणि बढाई वाटली तरी माझी हरकत नाही.

मी स्वतः मात्र बियांतून आलो नाही. रोपवाटिकेतल्या एका कलमवाल्याने रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरली, तीत माझा एक डोळा, म्हणजे न फुटलेला अंकुर, बसवला आणि पट्टीने आवळून बांधला. मी फुटल्यावर त्याने खुंटाचा शेंडा छाटला. तेव्हापासून जमिनीखाली खुंट आणि वर मी, असा आमचा संसार आहे. खुंटाचे उपकार मी नाकारत नाही. पण त्याचे नाव मला चिकटवू नये, एवढेच म्हणतो.

शिवणवर्ग चालवणाऱ्या बाईंनी मला येथे लावले, तेव्हा त्यांच्याकडे एकच यंत्र होते आणि तेही दर चार दिवसांनी रुसायचे. ज्या मुलीची पहिली कॉलर न सुरकुतता बसे, तिला माझे फूल मिळे. कित्येक मुली त्या फुलासाठी तीच कॉलर चारचारदा उसवीत. तो मान मी फुकट घेतलेला नाही. प्रत्येक बहराला फुले दिली आहेत.

पुढे बाईंचे धाकटे दीर जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झाले. हाताला काही चाळा हवा, म्हणून बागकामाच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेले आणि येताना एक नियम घेऊन आले: पानाच्या देठावर पाच पर्णिका, म्हणजे जोडीजोडीने येणारी चिमुकली पाने, असतील तर गुलाब, सात असतील तर खुंटातून उठलेला रानटी फुटवा, दिसताच छाटावा. माझ्या पानांवर कधी पाच पर्णिका असतात, कधी सात. दीर रोज चष्मा पुसून मोजत, आणि सात भरल्या की कात्री चालवत. वर्षभरात कळी धरायला मला धड फांदीच उरली नाही. मग त्याच गृहस्थांनी निकाल दिला.

“वहिनी, वर्षात एक फूल नाही. गुलाब केव्हाच मेलाय, हे उरलंय ते रान.”

हा तर्क पाहा, मित्रांनो. आधी तोंड बांधायचे, मग हा बोलत नाही म्हणून मुका ठरवायचा!

बाईंनी विरोध केला. त्यावर दिरांनी ऐकवले, की तुम्ही कापड मोजता, मी अख्खी गावं मोजलीत. बाई हसल्या आणि गप्प बसल्या. दुसऱ्या दिवसापासून मला पाणी मिळाले नाही. दिरांच्या कात्रीपेक्षा ते गप्प बसणे मला अधिक लागले.

रविवारी कुदळ आली. माझे काटे दिरांच्या मनगटावर लांबलचक ओरखडे काढून गेले. त्याची मला खंत नाही. बुंध्याभोवतीची माती बाजूला झाली, तशी मुठीएवढी गाठ उघडी पडली. बाई पायरीवरून खाली उतरल्या.

“थांबा भावजी. हा कलमाचा जोड ना?”

“हो. त्याचं काय?”

“रानटी फुटवा जोडाच्या खालून येतो, असं तुमच्याच शिबिराच्या वहीत लिहिलंय. मग यातली खालून आलेली एक तरी फांदी दाखवा. जोड कुठे संपतो, ते मला नका शिकवू. जन्म त्यातच गेलाय.”

दीर गुडघ्यांवर बसले. खिशातली टेप काढून त्यांनी एकेका फांदीचा उगम शोधला. पाच जिवंत फांद्या पाहिल्या. मग स्वतःच्या कात्रीने उडवलेल्या फांद्यांची थोटके पाहिली. एकूण एक जोडाच्या वर. त्यांनी उलट्या बाजूने पुन्हा मोजले. तरी वरच.

मित्रांनो, निगा राखणे म्हणजे हाती कात्री घेणे नव्हे. ज्याला छाटायला निघालात, त्याची फांदी कोठून फुटली आहे ते आधी माती सारून पाहा. एवढे कष्ट न घेता कोणी तुमच्या पर्णिका मोजू लागला, तर काटे आत घेऊ नका. मी घेतले नाहीत.

दिरांनी टेप गुंडाळली, हातांनीच माती पुन्हा बुंध्याशी ओढली आणि मान वर न करता म्हणाले,

“फांद्या गुलाबाच्याच आहेत, वहिनी. मोजणी माझी चुकली.”