चंद्रावर राहून आलेला हंडा

मित्रांनो, मी एक जुना पितळी हंडा आहे. पण मला नुसता हंडा म्हणाल तर मला राग येईल. अख्ख्या बंगळूरात चंद्रावर राहून आलेला हंडा मी एकटाच!

चिकपेठेतल्या मालोजी तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. मालनबाईंच्या न्हाणीघरात मी बरीच वर्षं पाणी साठवलं. मालनबाई सिनेमाच्या स्टुडिओत कपडेपट सांभाळायच्या. माणूस अवकाशात जाऊन आल्याची बातमी तेव्हा ताजी होती, आणि दिग्दर्शक नरसिंहरावांनी सिनेमा काढायला घेतला होता. यान मोडून चंद्रावर एकटाच अडकलेला माणूस घरी कसा परततो, याची ती गोष्ट. त्याचं हेल्मेट आणायचं कुठून? मालनबाईंनी मला पुढे केलं. मालोजीनं माझा गळा कापला, समोर काच बसवली, चंदेरी रंग दिला, आणि मी नायकाच्या डोक्यावर जाऊन बसलो. न्हाणीतली बादली जळून खाक झाली असणार.

चंद्रावरच्या चित्रणाचा मुहूर्त दसऱ्याचा. आदल्या दिवशी आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी कामाच्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लागतं. कॅमेऱ्याला लागलं, दिव्यांना लागलं, मालनबाईंनी माझ्याही कपाळी ठसठशीत कुंकू लावलं. ते पुसायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पूजेचं कुंकू कुणी पुसतं का?

चंद्राचा देखावा मोडून झाला आणि मग फिल्म धुऊन आली. सिनेमा काळा-पांढरा. माझं लाल कुंकू पडद्यावर काळंकुट्ट दिसत होतं. नरसिंहराव मालनबाईंकडे वळले.

"हेल्मेटला भोक पडल्यासारखं दिसतंय, अक्का. असा माणूस चंद्रावर जगेल कसा? लोक हसतील. पुन्हा चंद्र उभा करायची ताकद नाही आता माझ्यात."

सिनेमा बुडाला असंच सगळ्यांनी धरलं. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालनबाई शांतपणे म्हणाल्या, "स्वल्प थांबा, अण्णा. पोरगा एवढ्या लांब निघालाय, आणि त्याच्या आईनं कुंकू लावायचं नाही होय? कपाळ झाकलेलं, म्हणून तिनं टोपालाच लावलं. ते आधी दाखवा की."

तो प्रसंग दुसऱ्याच दिवशी चित्रित झाला. पडद्यावर दिसणारा आईचा हात मालनबाईंचाच आहे.

सिनेमा लागला. चंद्रावर तो एकटा बसला, हात वर नेऊन त्यानं माझ्या कपाळावरचा डाग चाचपला, आणि थिएटरात कुणी हसलं नाही. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. आजही आठवलं की माझा ऊर भरून येतो.

पुढे रंगीत सिनेमे आले आणि मी माळ्यावर गेलो. मालनबाई होत्या तोवर दर आयुधपूजेला मला खाली काढायच्या, कुंकू लावायच्या. त्या गेल्या. आता घरात मला मोडीत द्यायचं बोलणं चाललंय.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर कुणीतरी असेल, एकदा वर चढून बघा. मला घासायला घेतलंत तर चिंच हवी तेवढी लावा. पण आयुधपूजेला माझं कपाळ रिकामं ठेवू नका. लांब गेलेला माणूस त्या कुंकवानं घरी परत आला होता.